नुसतं 'साहेब' म्हटलं की झालं? कार्यालयात वरिष्ठांशी आदरानं आणि तरीही स्पष्ट कसं बोलायचं, वाचा सविस्तर

छत्रपती संभाजीनगर : तालुक्याच्या कोणत्याही सरकारी कार्यालयात सकाळी पावणेदहाच्या सुमारास दहा मिनिटं उभं राहा. 'साहेब आले का?', 'साहेब, सही राहिली', 'साहेब मीटिंगला गेलेत', 'हो साहेब', 'चालेल साहेब'. कन्नडच्या तहसील कार्यालयात असो, पंचायत समितीत असो किंवा एसटीच्या आगारात, शब्द तोच. बोलण्यात आदराची टंचाई अजिबात नाही. तरीही नव्यानं नोकरीला लागलेल्या अनेकांची अडचण एकच असते. साहेबांना 'नाही' कसं म्हणायचं? त्यांच्या कागदात चूक दिसली तर तोंड उघडायचं की गप्प बसायचं?

हा प्रश्न वरवर शिष्टाचाराचा वाटतो. पण त्यात एखाद्या शेतकऱ्याचे पैसे अडकू शकतात, एखाद्या कनिष्ठाची चौकशी लागू शकते. त्यामुळे जरा नीट समजून घेऊ.

वरिष्ठ कोण आणि ज्येष्ठ कोण?

इंग्रजीतल्या 'सीनियर' या एका शब्दासाठी मराठीत दोन शब्द आहेत. पदानं वर असतो तो वरिष्ठ. वयानं किंवा सेवेनं आधीचा असतो तो ज्येष्ठ. नोकरशाहीत 'सेवाज्येष्ठता यादी' असते आणि 'वरिष्ठ कार्यालय'ही असतं. दोन्ही शब्दांची कधी गल्लत होत नाही. माणसांशी बोलताना मात्र सारखी होते.

महसूल विभागाचंच घ्या. नायब तहसीलदाराचं पद लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरलं जातं आणि खालून बढतीनंही. त्यामुळे पंचविशी-सव्विशीतली मुलगी नायब तहसीलदार म्हणून खुर्चीत बसते आणि तिच्यासमोर फाइल घेऊन उभा असतो पंचावन्न वर्षांचा अव्वल कारकून. त्यानं या तालुक्यात किती तहसीलदार आले-गेले ते पाहिलेलं असतं. पदानं ती वरिष्ठ, वयानं आणि अनुभवानं तो ज्येष्ठ. कोण कुणाशी आदरानं बोलणार? उत्तर सोपं आहे, दोघंही. पण दोघांचा आदर वेगळ्या प्रकारचा असतो. तो तिला 'मॅडम, आपण सांगाल तसं' म्हणतो. तिनं त्याला 'अहो, हे प्रकरण आधी कसं हाताळलं होतं?' असं विचारलं, तर त्याच्या ज्येष्ठतेची नोंद त्या एका प्रश्नात झालेली असते. काही जणी अशा सहकाऱ्याला सरळ 'काका' म्हणतात. काहींना ते आवडतं. काहींना वाटतं, चाळीस माणसांसमोर आपलं पदनाम गेलं आणि वय तेवढं उरलं. नात्याचा शब्द वापरायचा की नाही, हे समोरच्याला एकदा विचारून ठरवलं तर पुढची पाच वर्षं सोपी जातात.

भाऊसाहेब, मावशी आणि मॅडम

कन्नड तालुका तसा सीमेवरचा. (नाव कन्नड असलं तरी इथे बोलतात मराठीच, बाहेरच्यांना हे दरवेळी सांगावं लागतं.) औट्रम घाट उतरला की चाळीसगाव, म्हणजे खानदेश. अलीकडे मराठवाडा, म्हणजे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य. म्हणून गिरदावर, पेशकार असे उर्दू दफ्तरातले शब्द इथल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून सापडतात. आणि कन्नडहून संभाजीनगरकडे जाताना वेरूळनंतर लागतो देवगिरीचा किल्ला. तिथल्या यादवांच्या दरबारातला मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत. कुणाला पत्र लिहिताना कोणता मायना वापरायचा, याचे दंडक घालून देण्याचं श्रेय परंपरा त्यालाच देते. वरिष्ठाला काय म्हणावं ही चिंता या रस्त्यावर किमान सातशे वर्षं जुनी आहे.

आजचा मायना तोंडी आहे. गावात ग्रामसेवक आणि तलाठी दोघंही 'भाऊसाहेब'. २०२४ मध्ये शासनानं पदनामं बदलली. तलाठी झाला 'ग्राम महसूल अधिकारी' आणि ग्रामसेवक झाला 'ग्रामपंचायत अधिकारी'. गावानं मान डोलावली आणि 'भाऊसाहेब'च म्हणत राहिलं. शाळेत 'गुरुजी' आणि 'बाई' मागे पडले, 'सर' आणि 'मॅडम' आले. 'बाई' हा एके काळी शिक्षिकेसाठी पूर्ण आदराचा शब्द होता. आज महिला अधिकाऱ्याला 'बाई' म्हटलं तर ती दुखावेल. शब्दांची किंमत अशी बदलत राहते.

एक गोष्ट मात्र बदललेली नाही. वरच्याला 'साहेब', 'सर', 'मॅडम' आणि खालच्याला 'मामा', 'मावशी' किंवा नुसतं नाव. शिपाई साठ वर्षांचा असला तरी 'ए, पाणी आण' ऐकतो. ज्या कार्यालयात शिपायाला 'अहो मामा' म्हणतात, तिथे साहेबांशीही मोकळेपणानं बोललं जाण्याची शक्यता जास्त. आदर एकाच दिशेनं वाहत असेल तर त्याला आदर म्हणण्यापेक्षा धाक म्हणणं बरं.

शासनही या विषयात मधूनमधून पडतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये तत्कालीन सांस्कृतिक कार्यमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या पुढाकारानं फोनवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा शासन निर्णय निघाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये आमदार-खासदार कार्यालयात आल्यावर अधिकाऱ्यांनी उभं राहावं, त्यांच्याशी फोनवर नम्र भाषेत बोलावं, अशा सूचना आल्या. उभं राहणं परिपत्रकानं होतं. खरं बोलण्याची हिंमत परिपत्रकानं येत नाही, आणि रोजच्या कामाचा प्रश्न तोच आहे.

वाळूजमध्ये गेल्यावर 'तुम'चा घोळ

कन्नडमधून डिप्लोमा किंवा इंजिनीअरिंग करून बाहेर पडणारी बरीच मुलं वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथल्या कंपन्यांमध्ये लागतात. तिथे शिफ्ट इन्चार्ज उत्तर प्रदेशचा, क्वालिटीचा मॅनेजर बिहारचा असू शकतो. मग बोलणं हिंदीत. आणि इथे मराठी मुलाकडून अजाणतेपणी एक घोटाळा होतो.

मराठीत 'तुम्ही' हा पूर्ण आदराचा शब्द. बरोबरीच्याला 'तू', मोठ्याला 'तुम्ही', फारच औपचारिक असेल तर 'आपण'. हिंदीतही तीन पायऱ्या आहेत, पण त्या जागेवर नाहीत. हिंदीचा 'तुम' हा मधला, घरगुती. मोठ्या माणसाला 'आप'च लागतं. आपला मुलगा डोक्यात 'सर, तुम्ही सांगा' असं आदरानं म्हणतो आणि तोंडातून निघतं, 'सर, तुम बताओ.' समोरच्याला वाटतं, पोरगं उद्धट आहे. उलटंही होतं. मॅनेजर सहज 'तुम ये करो' म्हणतो, त्याच्या दृष्टीनं तो कनिष्ठाशी बोलत असतो, आणि मराठी मुलाच्या कानाला ते 'तुम्ही'सारखं मानाचं लागतं. दोघंही आपापल्या व्याकरणात बरोबर असतात. उपाय छोटा आहे: हिंदीत वरिष्ठाशी बोलताना 'आप', 'बताइए', 'देख लीजिए' ही रूपं जिभेवर बसवायची. आठवडाभरात जमतं.

इंग्रजीत 'यू' एकच, त्यामुळे तिथे सगळा भार स्वरावर आणि वाक्याच्या सुरुवातीवर येतो. आयटी कंपन्यांमध्ये मॅनेजरला पहिल्या नावानं हाक मारायची पद्धत असते. तालुक्यातून गेलेल्या मुलांना हे सुरुवातीला फार जड जातं. नाव घेऊन पुढे 'तुम्ही' लावणं, म्हणजे 'अमित, तुम्ही पाहिलं का?', हा मधला रस्ता मराठी टीममध्ये चालून जातो.

पाठीमागे बोलतानाची रूपंही लक्षात ठेवायला हवीत. 'साहेब गेले' आणि 'साहेब गेला' यांत एका मात्रेचा फरक आहे, पण तो साहेबांपर्यंत संध्याकाळच्या आत पोहोचतो. वाद वाढला की आपण म्हणतोच, 'प्रकरण एकेरीवर आलं.' भांडणाचं मोजमाप क्रियापदानं करणारी भाषा आहे आपली.

चूक दाखवायची कशी?

आता खरा मुद्दा. एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण त्यातले दर खरे आहेत.

समजा अतिवृष्टी झाली आहे. पंचनामे पूर्ण झालेत आणि तालुक्याचा अहवाल दुपारी चार वाजता जिल्हाधिकारी कार्यालयाला जायचा आहे. सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या महसूल सहायकाला दिसतं, की एका गावचं ४० हेक्टर अद्रकीचं क्षेत्र जिरायतीच्या रकान्यात पडलंय. तक्ता केलाय वीस वर्षं सेवा झालेल्या अव्वल कारकुनानं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळातल्या निकषांनुसार जिरायत पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये आणि बागायत पिकाला १७,००० रुपये. म्हणजे एका चुकीच्या रकान्यानं त्या गावाचे ३ लाख ४० हजार रुपये गेले. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झालीत.

तो काय म्हणेल?

'साहेब, तुमचं चुकलंय.' हे खरं आहे. पण चार माणसांसमोर म्हटलं, तर पुढची दहा मिनिटं तक्त्याऐवजी त्याच्या वागणुकीवर चर्चा होईल.

'साहेब, एक जरा शंका होती, म्हणजे माझंच चुकत असेल, नंतर बघितलं तरी चालेल...' हे नम्र आहे. पण यात ना गाव आहे, ना आकडा, ना वेळ. साहेब म्हणतील 'हो हो, नंतर', आणि चार वाजता अहवाल निघून जाईल. नवखे बहुतेक वेळा इथेच अडकतात. वाक्य इतकं मऊ करतात, की त्यातला मजकूरच विरघळतो.

'साहेब, दोन मिनिटं आहेत का? या गावचं अद्रकीचं ४० हेक्टर जिरायतीत गेलेलं दिसतंय. ई-पीक पाहणीत ते बागायतीत आहे. चारच्या आधी आपण एकदा बघून घेऊ या का?'

या तिसऱ्या बोलण्यात मराठीनं दिलेली तीन हत्यारं वापरली आहेत. पहिलं, 'गेलेलं दिसतंय'. कुणी घातलं हे सांगितलंच नाही. कर्ता वाक्यातून अलगद बाहेर. 'राहून गेलं', 'सुटलं वाटतं', 'नजरेतून निसटलं' ही सगळी रूपं त्याच कामाची. दुसरं, 'आपण'. हा मराठीतला मोठा चतुर शब्द. तो 'तुम्ही'चा अतिआदराचा पर्याय आहे आणि बोलणारा व ऐकणारा दोघांना एकत्र घेणारा 'आपण'ही आहे. 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो; 'आपण' म्हटलं की चूक दोघांची आणि दुरुस्तीही दोघांची. तिसरं, 'का' लावून केलेली विनंती. मराठी माणूस बोलताना 'कृपया' वापरत नाही, ते कागदावर असतं. बोलताना 'जरा बघता का', 'करता येईल का', 'सांगाल का' यांतच विनंती येते.

पण आकडा, गाव, आधार आणि वेळ या चार गोष्टींना हात लावलेला नाही. त्या जशाच्या तशा, सुरुवातीलाच. मऊ करायचं ते क्रियापद.

५८३ जीव आणि एक अर्धवट प्रश्न

हे अतिशयोक्त वाटत असेल, तर विमान वाहतुकीचा इतिहास पाहा. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात केएलएम आणि पॅन अ‍ॅम कंपन्यांची दोन बोइंग ७४७ विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ जण मृत्युमुखी पडले. केएलएमचा कॅप्टन कंपनीतला अत्यंत ज्येष्ठ वैमानिक, इतरांना प्रशिक्षण देणारा. उड्डाणाची परवानगी मिळण्यापूर्वीच त्यानं विमान धावपट्टीवर पळवायला सुरुवात केली. कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनीअरला शंका आली होती. दुसरं विमान धावपट्टीवरून बाजूला झालेलं नाही का, असं त्यानं विचारलंही. कॅप्टननं ठामपणे ते झाल्याचं सांगितलं. पुढे कुणी काही बोललं नाही.

त्या इंजिनीअरनं माहिती प्रश्नाच्या रूपात दिली होती, आणि प्रश्नाला 'हो' म्हणून गप्प करता येतं. या आणि अशा इतर अपघातांनंतर विमान कंपन्यांनी कनिष्ठांना स्पष्ट बोलायला आणि कॅप्टनना ऐकून घ्यायला शिकवणारं प्रशिक्षण सुरू केलं. १९८१ मध्ये अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सनं त्याची सुरुवात केली. त्यातला एक साधा भाग असा, की पहिल्यांदा ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा अधिक स्पष्ट सांगायचं.

तहसीलच्या तक्त्यालाही हे लागू पडतं. साहेबांनी 'बरोबर आहे ते' म्हटलं, तर ई-पीक पाहणीची प्रिंट पुढे ठेवून 'साहेब, हे पान एकदा पाहा, तक्त्याशी जुळत नाही' इतकं दुसऱ्यांदा म्हणणं हा उद्धटपणा नाही.

साहेबांनी तोंडी सांगितलं, मग?

समजा, साहेब म्हणाले, 'असू दे, तसंच पाठव.' इथे नियम कनिष्ठाच्या बाजूनं आहे आणि बऱ्याच जणांना तो माहीत नसतो.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम ३ सांगतो, की शासकीय कर्मचाऱ्यानं आपल्या सद्सद्विवेकबुद्धीनं काम करावं. वरिष्ठाच्या निर्देशानुसार वागत असेल, तर तो निर्देश शक्य तिथे लेखी घ्यावा. लगेच शक्य नसेल, तर नंतर शक्य तितक्या लवकर त्याची लेखी पुष्टी मिळवावी. म्हणजे लेखी आदेश मागणं हा अपमान नाही, तो नियम आहे. उलट बाजूही त्याच नियमात आहे: स्वतःच्या अधिकारातलं काम टाळण्यासाठी उगीच वर विचारत राहणं म्हणजे जबाबदारी झटकणं.

मागायचं कसं? 'लिहून द्या' असं तोंडावर म्हटलं तर ते आव्हान वाटतं. त्यापेक्षा टिप्पणी लिहावी. 'सदर गावचे ४० हेक्टर क्षेत्र ई-पीक पाहणीनुसार बागायत आहे. तक्त्यात जिरायत दर्शविले आहे. आदेशार्थ सविनय सादर.' तीन ओळी. सरकारी मराठीची सगळे थट्टा करतात, पण 'आदेशार्थ सादर' या दोन शब्दांत किती सभ्यपणे चेंडू वरच्या टेबलावर जातो पाहा.

खासगी कंपनीत भाषा वेगळी, तत्त्व जवळपास तेच. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या आदर्श स्थायी आदेशांत वरिष्ठाचा आदेश जाणूनबुजून मोडणं हे गैरवर्तन होतं. पण कोणता आदेश? 'कायदेशीर आणि वाजवी' आदेश. मशिनचं सेफ्टी गार्ड काढून काम कर, असं कुणी म्हणालं, तर 'सर, गार्डशिवाय मशिन चालवता येणार नाही, मेन्टेनन्सला कळवतो' असं उत्तर देणारा कामगार शिस्त मोडत नाही. तेच संध्याकाळी ई-मेलवर किंवा शिफ्टच्या वहीत लिहून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी बोलणं बदलत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर काय टाळावं?

आजकाल निम्मं कार्यालय ग्रुपवर चालतं. काही सवयी तिथे नकळत खटकतात. 'नमस्कार साहेब' पाठवून थांबायचं आणि साहेबांच्या उत्तराची वाट पाहायची, यात त्यांचा वेळ जातो. नमस्कार आणि काम एकाच संदेशात लिहावं. लांबलचक ऑडिओ मेसेज बैठकीत बसलेल्या माणसाला ऐकता येत नाही. आदेशाला नुसता अंगठा पाठवला, तर वाचलं की करणार हे कळत नाही; 'हो साहेब, पाचपर्यंत पाठवतो' लिहायला तीन सेकंद लागतात.

वरिष्ठानं ग्रुपवर चुकीचा आकडा टाकला तर? आधी फोन किंवा वैयक्तिक संदेश. पण आकडा घेऊन बाकीचे कामाला लागणार असतील आणि साहेब फोन उचलत नसतील, तर ग्रुपवरच 'साहेब, माझ्याकडच्या यादीत हा आकडा वेगळा दिसतोय, खात्री करून घ्याल का?' असं लिहावं. वीस गावांनी चुकीचं काम करण्यापेक्षा हा क्षणभराचा अवघडलेपणा परवडतो.

साहेबांसाठीही थोडं

कनिष्ठ बोलत नाहीत, अशी तक्रार अनेक अधिकारी करतात. बैठकीच्या शेवटी ते विचारतात, 'काही अडचण?' आणि एका सुरात उत्तर येतं, 'नाही साहेब.' या प्रश्नाचं दुसरं उत्तर मिळतच नाही. 'यात कुठे अडेल असं वाटतं?' असं एकेकाला नावानं, आणि सगळ्यात नव्या माणसापासून विचारलं, तर चित्र बदलतं. ज्येष्ठ आधी बोलले की बाकीचे त्यांचीच री ओढतात.

आदर म्हणजे सहन करणं?

नाही. शिवीगाळ, जातिवाचक बोलणं, अंगलट येणं या गोष्टी वरिष्ठतेच्या अधिकारात बसत नाहीत. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरोधातला २०१३ चा कायदा सरकारी आणि खासगी दोन्हीकडे लागू आहे. दहा किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून लहान ठिकाणी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हा, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार लेखी द्यायची असते. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. लिहिता येत नसेल, तर तक्रार लिहून घेण्यासाठी मदत करणं समितीवर बंधनकारक आहे.